तिसऱ्या थरातला राखाडी

आमचे बाबा रंगाच्या बाबतीत म्हणजे महाकटकट. उभा जन्म मातीचे खड्डे वाचण्यात गेला. दोन माणसं मावतील एवढा खड्डा खणून घ्यायचा, आत उतरायचं, भिंतीतलं ढेकूळ फोडून ओलं करायचं आणि रंगीत चकत्यांच्या पुस्तकाशी ताडून थराचा रंग ठरवायचा. त्यात ठिपके असले तर त्यांचा वेगळा. तपकिरी मातीत राखाडी डाग म्हणजे तिथे पाणी साचून राहतं, हे आम्हाला जेवताजेवता ऐकवलं जायचं. आईने नवे पडदे आणले तेव्हाही बाबा ते पुस्तक घेऊन खिडकीशी उभे. आई म्हणाली, "आता पडदे ओले करू नका म्हणजे झालं."

आणि अशा माणसाला आईची कावीळ दिसली नाही. मी सुट्टीत घरी आले, ते दारातूनच दिसलं. आईचे डोळे पिवळेजर्द. बाबा शेजारी बसून तिला सफरचंद कापून देत होते. म्हणाले, जरा थकलीये, बाकी ठीक आहे. डॉक्टरांनी सांगितलं, आणायला फार उशीर केलात. आई गेली. त्यानंतर मी बाबांशी कामापुरतं बोलायला लागले. बायकोच्या तोंडाकडे बघायची ज्याला सवड नव्हती, त्याच्याशी बोलायचं तरी काय?

परवा त्यांचा गुडघा धरला आणि मदतनीस नेमका रजेवर, म्हणून नाइलाजाने मीच त्यांना गाडीतून घेऊन गेले. शाळेच्या इमारतीसाठी जागा बघायची होती. हात धरून त्यांना खड्ड्यात उतरवलं, मागोमाग मीही उतरले. ऊन स्वच्छ होतं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. पहिला थर गडद तपकिरी, दुसरा जरा फिका. तिसऱ्यापाशी म्हणाले, "पिवळट तपकिरी. ठिपके नाहीत."

मी लिहायची थांबले. माझ्या डोळ्यांसमोर भिंतभर राखाडी डाग होते. मी तसं म्हटल्यावर बाबांनी हसण्यावारी नेलं. म्हणाले, तू आता मला शिकव. मी हट्टाला पेटले आणि त्या डागाशी जुळणारी चकती दाखवायला लावली. त्यांनी बोट ठेवलं, चष्मा सारखा केला आणि चकतीखालचं नाव वाचलं. राखाडी. शेजारच्या पिवळटावर बोट ठेवलं, परत पहिल्यावर आणलं. त्यांना दोन्हीत फरक दिसेना.

बाबांचा चेहरा उतरला. मोतीबिंदू आहे हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना आईच्या आजारपणाआधीच सांगितलं होतं. अजून पिकू दे, म्हणून यांनीच ऑपरेशन पुढे ढकललं होतं. पिकता पिकता तो सगळ्या जगाला पिवळट करत जातो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. हलकेहलके होत गेलं, कळणार कसं? ते म्हणाले की अलीकडचे सगळे खड्डे पुन्हा खणायला हवेत, आजच साहेबांना सांगतो. बोलताबोलता भिंतीला पाठ टेकून खाली बसले.

"तुला दारातून दिसलं होतं ना? तुझ्या आईचं?"

"हो."

"किती पिवळे होते डोळे?"

हे उत्तर त्यांच्या तोंडावर फेकायची मी किती दिवस वाट बघत होते. आता खोटं सांगावं असं फार वाटलं, पण रंगाच्या बाबतीत त्यांना खोटं सांगायचा धीर मला झाला नाही.

"पिवळेजर्द होते, बाबा. पण तुम्हाला ते दिसणारच नव्हतं."

त्यांनी मान हलवली. हातातलं ओलं ढेकूळ तसंच धरून होते, पाणी मनगटावरून बाहीत उतरत होतं. मी त्यांच्याजवळ मातीत बसले आणि ते ढेकूळ काढून घेतलं.

"रोज बघत होतो गं मी तिच्याकडे," बाबा म्हणाले. "रोज."