हसताना मान कुठे वळते

पिक्चरमध्ये जोक झाला की माणूस हसता हसता बाजूला बघतो, बघितलंय कधी? जोक पडद्यावर असतो, पण मान वळते ती आपल्या माणसाकडे. नवीन लग्न झालेली जोडपी तर आधी एकमेकांकडे बघतात, मग हसतात.

माझा दोस्त साग्या. त्याची मान शाळेपासून माझ्याकडेच वळायची. परवा पिक्चरला त्याच्या पलीकडे त्याचा कॉलेजातला नवा दोस्त निखिल बसला, आणि मान गेली तिकडे. मला अर्धा पिक्चर साग्याचा नुसता कान दिसला.

इंटरवलला मी पेटलोच. हातात समोसा धरून व्हिलनचा आवाज काढला, मिशा नसताना मिशा पिळत चालून दाखवलं. साग्या पोट धरून हसला. "बघ, हा आमचा नमुना!" म्हणाला. पण कुणाला? निखिलला!

आणि निखिल? हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं, आणि तो साग्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"भावा, परत एकदा कर ना!"

बेट्यानं धड जळूसुद्धा दिलं नाही.