पुसून टाकलेली प्रतिक्रिया

चुलीवरच्या पिठल्याचा वास आला की मला लोहगडवाडीतली ती टपरी आठवते. तेव्हा माझ्या ब्लॉगवरच्या गडवाटेच्या लेखाखाली कुणीतरी सारखं लिहायचं, "डावीकडची वाट खचली आहे, लेख बदला." खाली नाव नसायचं. दुसरा कुणी ब्लॉगवाला माझ्यावर जळतोय, अशा संशयानं मी ती प्रतिक्रिया दर वेळी पुसून टाकायचो. पुढच्या फेरीत टपरीवाल्या मावशींनी मला ब्लॉगवरच्या फोटोवरून ओळखलं. चहा न देताच त्यांनी विचारलं, "गडाचं लिवनारं तुमीच ना?" मी हो म्हणालो. "तुमचं वाचून दोन पोरी त्या वाटंनं गेलत्या. एकीचा पाय मोडला. आमची सून तुमाला कळवत व्हती, तर तुमी पुसून टाकलं." तिथंच बाकड्यावर बसून मी फोनवरून लेख दुरुस्त केला आणि "झालं" म्हणालो. मावशींचा विश्वास बसला नाही. "मोठ्यानं वाचा," त्या म्हणाल्या. मी वाचत होतो आणि दारात उभी असलेली त्यांची सून एकेक ओळ स्वतःच्या फोनवर ताडून पाहत होती. आता निनावी प्रतिक्रिया आली, की पहिला संशय मी माझ्याच लेखावर घेतो.