उशिरा कळणारं तापमान

"मॅडम, परत चढतंय," ठाकूरकाका म्हणाले.

पडद्यावर रिअ‍ॅक्टरच्या तापमानाची रेष वर जात होती, खाली येत होती, पुन्हा वर. रोह्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कंपनीत दुरुस्तीच्या शटडाउनमध्ये जुनं पॅनेल काढून कॉम्प्युटर कंट्रोल बसवला होता. मी मोटर मेंटेनन्समधली. ट्रेनिंग घेऊन नुकतीच या कामाला लागले होते. ठाकूरकाका पॅनेल ऑपरेटर, पेणच्या खाडीकडचे. आजवर थंड पाण्याचा व्हॉल्व्ह त्यांनीच हाताने सांभाळला होता.

कंट्रोलरचं काम तसं साधं. सेन्सर तापमान सांगतो. ते हवं त्याहून जास्त असेल तर कंट्रोलर रिअ‍ॅक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये जास्त थंड पाणी सोडतो. परिणाम बघतो, मग पुढचं ठरवतो. याला फीडबॅक म्हणतात.

झोके थांबावेत म्हणून मी कंट्रोलर मवाळ केला. म्हणजे फरक दिसला तरी व्हॉल्व्ह थोडाच हलवायचा. रेष सरळ झाली. मला हायसं वाटलं. तेवढ्यात रिअ‍ॅक्शनने जोर धरला. या रिअ‍ॅक्शनमध्ये आपोआप उष्णता सुटते, आणि वेळेत थंड केलं नाही तर ती आवरत नाही. मवाळ कंट्रोलर मागे पडला. अलार्म वाजला.

"मॅन्युअलला घेतो. हातानेच चालवतो."

"घ्या, काका!"

त्यांनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. तरी आकडा चढतच राहिला. बऱ्याच वेळाने तो खाली वळला.

प्रॉडक्शन मॅनेजर देशमुखसाहेब धावत आले होते. "ऑटो कंट्रोल बंद. कायमचा. खाली माणसं काम करतात."

"साहेब, एक टेस्ट करू द्या. नुसतं पाणी भरून."

"आणि काही सापडलं नाही तर?"

"तर ऑटो मीच काढून टाकते."

दुसऱ्या दिवशी रिअ‍ॅक्टरमध्ये गरम पाणी घेतलं. मॅन्युअलवर व्हॉल्व्ह जरासा उघडला आणि कशालाच हात न लावता बघत बसले. जॅकेटमधून बाहेर पडणारं पाणी लगेच तापून येऊ लागलं, म्हणजे आतली उष्णता निघत होती. रिअ‍ॅक्टरचा आकडा मात्र ढिम्म. व्हॉल्व्ह ठीक होता. खबरच उशिरा येत होती, म्हणून कंट्रोलर दर वेळी उशिरा आणि गरजेपेक्षा जास्त वळत होता.

सेन्सर थेट केमिकलमध्ये नसतो. एका बंद नळीत असतो. तो बाहेर काढून मोजला. शटडाउनमध्ये बदललेला सेन्सर नळीपेक्षा आखूड होता. त्याचं टोक तळाला टेकतच नव्हतं, मधल्या हवेत लोंबकळत होतं, आणि हवेतून उष्णता हळू पोचते. योग्य लांबीचा बसवला, कंट्रोलरची सेटिंग नव्याने केली, पुन्हा पाण्यावर तपासली.

पुढच्या बॅचला साहेब काकांच्या खुर्चीमागे उभे राहिले. काकांचा हात माउसवर तयार. रिअ‍ॅक्शनने जोर धरला, रेष किंचित उचलली आणि परत जागेवर आली.

"बसली गो बाय!" काका म्हणाले. "पण मी आज इथून हलनार नाय हां."

साहेब आपल्या केबिनकडे वळले. ऑटो चालू राहिला.

आता रेष हलली की मी सेटिंगला हात लावत नाही. आधी सेन्सर तपासते. वेळ जास्त जातो, पण अलार्म कमी वाजतात.