उपवासकाळातलं पाणी

"दोन्ही किडन्या गेल्या आहेत," डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्टचा कागद माझ्याकडे फिरवला. मला त्यातलं काही कळणार नव्हतं, तरी मी चष्मा लावून बघितलं. अशा वेळी माणूस काहीतरी करतोच. माझी बायको शालिनी शेजारच्या स्टुलावर पर्स घट्ट धरून बसली होती.

मालेगावात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मालेगाव म्हणजे आमचं वाशीम रोडवरचं जहांगीर मालेगाव, नाशिकवालं नव्हे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी लोक आणून टाकतात, मी आतली जळकी तार काढून नवी भरतो. त्यामुळे पहिला प्रश्न तोंडातून निघाला तो धंद्यातलाच. दुरुस्त होतात का, मी विचारलं. "नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांचं काम आता मशीन करेल."

क्रिएटिनिन नावाचा एक आकडा असतो. स्नायूंच्या रोजच्या कामातून रक्तात जो कचरा जमतो, तो किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. ती थकली की कचरा रक्तातच राहतो आणि हा आकडा चढतो. माझा फार चढला होता. पायाला सूज, तोंडाला लोखंडाची चव, दोन पायऱ्या चढलं की धाप. हे सगळं मी वयाच्या नावावर खपवत आलो होतो. तुमच्यापैकी कुणी असंच खपवत असेल तर रक्त तपासून घ्या. उशीर झाल्यावर डॉक्टर चांगला मिळूनही उपयोग नसतो.

ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याची किडनी बसवणं, हा रस्ता माझ्या हृदयाची ताकद तपासल्यावर बंद झाला. उरलं डायलिसिस. मंगळवारी आणि शुक्रवारी बसनं वाशीमला जायचं, चार तास खाटेवर पडायचं, रक्त मशीनमधून धुऊन परत अंगात घ्यायचं. त्यासाठी डाव्या हाताची धमनी आणि शीर आतून जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. त्या जागी बोट ठेवलं की आत घरघर लागते, चालू मोटरीच्या बॉडीवर हात ठेवल्यासारखी. त्या हाताला बीपीचा पट्टा कुणाला बांधू देऊ नका आणि त्या हातानं बादली उचलू नका.

सुयांची सवय होते. तहानेची होत नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. लघवी जवळजवळ बंद झाली की प्यालेलं पाणी अंगातच राहतं, आधी पायात, मग फुप्फुसात. म्हणून दिवसभराचं मिळून, चहा, वरण, गोळ्यांसोबतचा घोट धरून, लिटरभरसुद्धा नाही. मी खडीसाखरेवर, लिंबाच्या फोडीवर, ओल्या फडक्यावर दिवस काढले. जास्त प्यालो की मशीनवर ते खेचून काढताना पोटऱ्यांत असे गोळे यायचे की ओरडावंसं वाटायचं. संध्याकाळी घरी आलो की पिळून टाकलेल्या पोतेऱ्यासारखा पडून राहायचो. बुधवारी जरा माणसात यायचो. गुरुवारी दुकानात बसायचो. शुक्रवारी परत बस.

असे काही महिने गेल्यावर मी थकलो. साधा थकलो नाही, आतून संपलो. एका शुक्रवारी डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी त्यांना विचारलं, हे बंद केलं तर काय होईल? ते खुर्ची ओढून बसले. "काही दिवस. फार तर एक-दोन आठवडे," ते म्हणाले. "निर्णय तुमचा आहे. पण थकव्यात घेऊ नका." मी म्हणालो, ईस्टरपर्यंत चालू ठेवतो, त्यानंतर नको. ते म्हणाले, त्यानंतर परत बोलू.

ईस्टर का? कारण लेंट सुरू व्हायला आला होता. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, आमचा उपवासकाळ. आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, लहान आहे, चार-पाच गावांतून लोक येतात. प्रत्येकजण या काळात काहीतरी सोडतो. कुणी मटण, कुणी गोड, कुणी तंबाखू. मी दरवर्षी चहा सोडायचो आणि सोडल्याचं सगळ्यांना कळेल अशी व्यवस्थाही करायचो. यंदा पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, विचारलं की काय सोडताय, तेव्हा मी हसलो. केळी डॉक्टरनं सोडवली, टमाटे सोडवले, नारळपाणी, मीठ, सगळंच. माझ्याकडे सोडायला काय होतं?

मी शालिनीला विचारलं, तू काय सोडतेस, तर म्हणाली, "माया उपवास मी अन् देव पाहून घेऊ. तुमी तुमचं पाहा."

तिचं एक मी बघत होतो. ती माझ्यासमोर पाणी पीत नव्हती. जेवताना तिच्या ताटाशेजारी पेला नसायचा. मला वाटलं, मला वाईट वाटू नये म्हणून स्वयंपाकघरात जाऊन पीत असेल. मनातून बरं वाटलं आणि थोडा रागही आला. कारण खरं सांगतो, कुणी गटागटा पाणी पिताना बघणं एवढीच एक चैन मला उरली होती. दुकानात एखादा माणूस उन्हातून येऊन तांब्या तोंडाला लावायचा, तेव्हा मी हातातलं काम थांबवून बघत बसायचो.

मार्च संपत आला आणि आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. एका मंगळवारी मी मशीनवर होतो. सिस्टर आत आल्या आणि म्हणाल्या, "काका, घाबरू नका, काकूंना बाहेर बाकावर चक्कर आली." माझ्या हातात दोन सुया, रक्त अर्धं अंगात आणि अर्धं नळ्यांत. उठता येईना. इतकी लाचारी मला आजाराच्या पहिल्या दिवशीही वाटली नव्हती. उरलेला वेळ मी छताकडे बघत "बापा, तिला काही करू नको" एवढंच म्हणत काढला.

सुटलो तेव्हा तिला खालच्या वॉर्डात सलाइन लावलेलं होतं. ताप होता, लघवीला जळजळ होती. युरिन इन्फेक्शन, म्हणजे लघवीच्या मार्गात जंतू वाढलेले, आणि डिहायड्रेशन, म्हणजे अंगातलं पाणी आटलेलं. डॉक्टरांनी तिला विचारलं, दिवसाला किती पाणी पिता?

"यायले देता तेवढंच," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, त्यांच्या किडन्या बंद आहेत म्हणून त्यांना पाणी कमी. तुमच्या चांगल्या आहेत. या उन्हात असंच चालवलंत तर दोघांना शेजारी-शेजारी खाटा द्याव्या लागतील." ते चिडले होते आणि मला ते बरं वाटलं, कारण मला चिडायलाही त्राण नव्हतं.

ते गेल्यावर मी तिच्या उशाशी बसलो.

"काहून केलं असं?"

"उपवास हाय माया. तुमी जेवढं पेता तेवढंच प्यायचं. ईस्टरपरेंत."

"पान्याचा उपवास करते काय कोनी, अशा उन्हात?"

तिनं तोंड भिंतीकडे केलं. "तुमी ईस्टरनंतर मशीन बंद करनार हाये. डॉक्टरले सांगत होते तवा मी दारात होती. म्हनून मी देवाले ईस्टरच्या आत मांगतलं. तुमी जळेल मोटरी सुरू करता. त्याले दोन किडन्या सुरू करनं काय अवघड हाय?"

मला राग आला. तिचा नाही. खोटं कशाला बोलू, देवाचा आला. या बाईनं त्याच्यापायी घसा कोरडा केला आणि त्यानं तिला ताप दिला, असं मला वाटलं. मी म्हणालो, "किडनीले नवी तार भरता येत नाई. तू पानी पे."

"तुमी म्हना, मशीन सोडनार नाई."

मी म्हणालो नाही. तिनंही मग ऐकलं नाही. घरी आल्यावर औषधापुरतं पाणी प्यायची, तेही मी डोळे वटारले की. दोघंही हट्टी.

त्यात गुड फ्रायडे आला. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन आमच्याकडे उपासना असते. प्रभू येशूनं क्रुसावरून सात उद्गार काढले, त्या सातांवर मंडळीतली सात माणसं बोलतात. पाचवा उद्गार तहानेचा. तो कित्येक वर्षं माझा होता. मी आवाज लावून सांगायचो की ती तहान पाण्याची नव्हती, आत्म्यांची होती, आपल्या तारणाची होती. लोक माना डोलवायचे. आता मला पक्कं ठाऊक आहे की ती पाण्याचीसुद्धा होती. एवढं रक्त गेलेल्या माणसाला आधी पाणीच लागतं.

पण शुक्रवार म्हणजे माझा मशीनचा वार. सेंटरला विचारलं, दुसरी पाळी रिकामी नव्हती. मी ठरवलं की यंदा एक डायलिसिस चुकवायचं. शेवटचाच गुड फ्रायडे आहे तर नीट होऊ दे. डॉक्टरांनी फोनवर साफ सांगितलं, "पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबतं. चर्चमध्येच थांबेल." पोटॅशियम म्हणजे रक्तातला एक क्षार. किडनी नसली की तो साठत जातो. तरी मी पाळकसाहेबांना कळवलं की येतोय.

शालिनीनं माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि त्यांना म्हणाली, "हे मशीनवर जातीन. पाचवा मले द्या."

मला हसू आलं. ही बाई महिला सभेत डोळे मिटून प्रार्थना करते तीसुद्धा दोन ओळींची. पण ती हसत नव्हती. तो उद्गार सोडताना मला किती जड गेलं हे मी सांगू शकत नाही. तंबाखू सोडली तेव्हा इतकं गेलं नव्हतं.

शुक्रवारी मी पहिल्यांदाच एकटा बसनं वाशीमला गेलो. शेजारच्या खाटेवर राठोडभाऊ होते, पोहरादेवीकडचे, नेहमीचे सोबती. मी तोंड पाडून बसलेला बघून म्हणाले, "तुमची चर्च हुकली, आमची यात्रा हुकनार हाय. गावात लाखानं लोक येतीन अन् म्या इथं पडून राहीन. लावा फोन, आयकू तुमचं." पाळकसाहेबांच्या मुलीनं तिकडून फोन चालू करून पुढच्या बाकावर ठेवला होता. मी स्पीकर लावून तो छातीवर ठेवला.

चौथा उद्गार संपला. गाणं झालं. मग बराच वेळ नुसती पंख्यांची घरघर. मला वाटलं, पळाली. मग तिचा आवाज आला, बारीक, कापरा.

"आमचे हे दरवर्षी इथं लय चांगलं बोलत. मले तसं येत नाई. मले एवढंच दिसलं का, प्रभूले तहान लागली तं त्यानं लपवली नाई. माय समोर उभी होती तरी बोलला. मंग लोकायनं त्याले आंब देली." आंब म्हणजे आंबलेला द्राक्षारस, शिपाई प्यायचे तो. "आंबट होती. तरी त्यानं तोंडाले लावली. मी पुरा उपवासकाळ देवाले एकच मांगून राह्यली. ते नाई भेटलं. जे भेटलं ते आंबट हाय. मंगळवार-शुक्रवारची मशीन हाय, एवढंच हाय. मी ते घेते. हे घेतीन का नाई, ते यायचं अन् देवाचं. मी आता माया उपवास सोडते."

मग एक आवाज आला. पुढं ठेवलेल्या मडक्यात पेला बुडवल्याचा. गुड फ्रायडेच्या दिवशी, सगळी मंडळी उपाशी-तहानेली बसलेली असताना, तिनं पुढं उभं राहून पाणी प्यायलं. थांबून थांबून नाही, एका दमात. तिच्या घशाचा आवाज मला इथं ऐकू आला.

"काय झालं?" राठोडभाऊंनी विचारलं.

"पानी पेली," मी म्हणालो आणि मला रडू फुटलं. मी इतका हललो की मशीन टुंग टुंग करायला लागलं आणि सिस्टर धावत आल्या.

माझ्या किडन्या सुरू झाल्या नाहीत. ईस्टरच्या सकाळी मी मंडळीत सगळ्यांसोबत उभा राहून गायलो आणि मधेच दम लागून बसलो. देवानं माझ्यासाठी काय केलं असं कुणी विचारलं तर माझ्याकडे दाखवायला काही नाही. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना मी दोनच गोष्टी सांगेन. तहान लागली तर बोला, चोरून पिऊ नका. आणि जो तुमची सेवा करतो त्याला तुमच्यासमोर पोटभर पिऊ द्या, खाऊ द्या. त्या डॉक्टरांचे, सिस्टरांचे, राठोडभाऊंचे माझ्यावर उपकार आहेत. शालिनीचे किती आहेत ते मी इथं लिहीत नाही.

मशीन चालू ठेवायचं की नाही, याबद्दल मी घरी काही बोललो नाही. तिनंही विचारलं नाही. मंगळवारी सकाळी मी सदरा घातला, डाव्या हाताची बाही वर दुमडली आणि स्टँडवर जाऊन वाशीमच्या बसमध्ये बसलो. ती मागून आली, शेजारी बसली, पिशवीतून पाण्याची मोठी बाटली काढली आणि माझ्याकडे बघत तोंडाला लावली.

"गार हाय काय?" मी विचारलं.

"लय गार हाय."

"मंग पे अजून," मी म्हणालो.