जाड थराचा ट्रे

मुकुंदवाडीतल्या त्या गल्लीत रामहरी सांडूची थट्टा ठरलेली. "रस्त्यात खड्डे कमी हायेत म्हणून घरात पाडायला लागलात व्हय?" असं शेजारी विचारायचे आणि रामहरी छाती फुगवून सांगायचा, "पोरगी संशोधन करती. आभाळातून दगड पडल्यावर खड्डा कसा व्हतो, त्याचं." त्याचा बाप गावाकडं पिशोरला मेंढरं वळायचा, हा कंपनीत लेथवर लोखंड कातायचा आणि पोरगी विद्यापीठात लोणारच्या विवरावर बोलायची. मग माणसानं फुगायचं नाही तर काय करायचं?

संशोधन बघायला साधंच होतं. खोल ट्रेमध्ये कोरडी वाळू आणि रांगोळी, एकावर एक रंगीत थर. उंचावरून त्यात पोलादी गोळी सोडायची. गोळी आणि ती सोडायचा स्टँड रामहरीनंच बनवून दिला होता. मग पत्र्यानं ट्रेमधले थर मधोमध कापून आत बघायचं. पहिल्यांदा कापले तेव्हा रामहरी चक्रावला. खड्ड्याच्या काठावर सगळ्यात खालचा पांढरा थर सगळ्यात वर येऊन बसला होता, गोधडीची कड दुमडावी तसा.

"पप्पा, जमीन अशीच उलथती," त्याची लेक प्रांजली म्हणाली. "आता बघायचंय, मधला थर लई जाड केला तरी उलथती का. मला वाटतं, उलथती."

त्या जाड थराचा ट्रे तिनं स्वतःच्या हातानं भरला, वर पेपर झाकला आणि तापानं अंथरूण धरलं. किडन्या निकामी झाल्या. बघता बघता पोर हातची गेली.

ट्रे कोपऱ्यात तसाच राहिला. दोघींचं काम एकत्र, म्हणून तिची मैत्रीण आमरीन येऊन ट्रेचं विचारून गेली. फक्त गोळी सोडायची राहिली होती. पण गोळी सोडली की पोरीच्या हातचं शेवटचं काम मोडणार. रामहरी म्हणायचा, "राहू दे अजून." शेवटी त्याची बायको सुरेखा चिडली. "तिनं ते पुजायला केलं नव्हतं. तिला उत्तर पाह्यजे होतं." हे मात्र त्याला लागलं. लेकीचा प्रश्न आपणच अडवून बसलोय, हे त्याला पटलं. त्यानं स्वतःहून आमरीनला फोन केला.

रविवारी तिघं ट्रेपाशी बसली. रामहरीनं पेपर काढला, गोळी स्टँडला लावली, डोळे मिटले आणि सोडली. ठण्णकन आवाज झाला. गोळी उडून कॉटखाली गेली. ट्रेवर नखाएवढा खळगा, बस.

आमरीननं बोट दाबून पाहिलं. सगळं घट्ट झालं होतं. "काका, ह्याला पाणी लागलं का?"

"मी घालतो," रामहरी म्हणाला. "रोज सकाळी. ओंजळभर."

त्यांच्या घरात गेलेल्याला मातीत ठेवतात आणि घरचं माणूस रोज जाऊन त्या जागेवर पाणी घालतं. प्रांजलीला पिशोरला ठेवलं होतं. पाळ्यांची नोकरी सांभाळून रोज पिशोर कसं गाठणार? घरात तिच्या हातची माती म्हणावी तर एवढीच होती.

"दवाखान्यात ती पाणी मागत होती," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणले, जास्त देऊ नका. मी नुसते कापसानं व्हट वले केले. माझ्याकडं बघत होती गं बेटा ती."

आणि तो रडला, दारं उघडी आहेत, गल्ली ऐकते आहे, याची पर्वा न करता. आमरीननं समजुतीचा एक शब्दही काढला नाही, ते बरं केलं. असल्या वेळी लोक फार बोलतात. तिनं त्याला विचारून ट्रेमधली घट्ट वाळू पत्र्यानं कशीबशी फोडली. आत रंग एकमेकांत उतरून गढूळ ढेकूळ झालं होतं. प्रांजलीनं कुठला थर कुठं घातला होता, हे आता ट्रे बघून कुणालाच सांगता येणार नव्हतं.

पुढं आमरीननं दोघींच्या वहीत लिहिलेल्या मापांनी तसाच ट्रे विद्यापीठात पुन्हा भरला. एका संध्याकाळी ती मोबाईलवर फोटो घेऊन आली. खड्ड्याच्या काठावर पांढरा थर वर.

"उलथला, काका. जाड थरासकट. तिचं बरोबर होतं."

रामहरीनं बोटांनी फोटो मोठा करून कितीतरी वेळ पाहिला. "तिला म्हाईत होतं का असंच व्हईल?"

"वाटत होतं. खात्री नव्हती. म्हणून तर ट्रे भरला होता."

"म्हंजे आता खात्री आपल्याला हाये," रामहरी म्हणाला, "आन् तिला नाय." त्यानं मोबाईल आमरीनच्या हातात परत दिला.