खोट्या पुरातले मयत

"ओ, मला नका उचलू, मी मेलेलो हाय," चिंचेखाली आडवा पडलेला माणूस ओरडत होता. "आधी जखमी उचलायचे असत्यात. कचेरीत एवढं बी शिकवलं नाय का तुम्हाला?"

स्ट्रेचर घेऊन उभ्या असलेल्या दोन होमगार्डांनी एकमेकांकडे पाहिलं. "मग जखमी कुठंय?"

मेलेल्यानं पडल्या पडल्याच शेजाऱ्याकडे बोट केलं. शेजारी डोळे न उघडता म्हणाला, "मी बी मयत."

"आणि तो पलीकडचा?"

"तो तर आमच्या दोघांच्या आधी गेला. चहाच्या टायमालाच."

मी पारावर भोंगा घेऊन उभा होतो. समोर चिंचेपासून शाळेच्या फाटकापर्यंत माणसं ओळीनं पडली होती आणि प्रत्येकाच्या गळ्यात काळी चिठ्ठी होती. जीपला टेकून उभे असलेले प्रांतसाहेब एकदा त्या ओळीकडे आणि एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. मी भोंगा हळूच पाठीमागे नेला.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि मी निफाडच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून होतो. पूर, आग, गारपीट, वीज पडणे ही सगळी संकटं एकाच टेबलावर यायची आणि ते टेबल माझं होतं. पुढं वरून आदेश आला, की संकटाची वाट बघत बसू नका, आधी त्याची तालीम घ्या. कागदावर तिचं नाव रंगीत तालीम, प्रांतसाहेबांच्या तोंडी मॉक ड्रिल आणि गावांच्या तोंडी खोटा पूर. नोकरी संपेपर्यंत मी असे एकोणीस खोटे पूर आणले. गोदावरीनं स्वतःच्या हिमतीवर तेवढ्या काळात त्याच्या निम्मेही आणले नाहीत. आवाज माझा जन्मापासूनच असा, की निफाडला उभं राहून "पळा" म्हटलं तर वणीच्या गडावरची माकडं सामान आवरायला लागायची. भोंगा मी केवळ सरकारी वस्तू आहे म्हणून हातात धरायचो.

तर हे गाव गोदाकाठचं. वर द्राक्षबागा, मधे ऊस, खाली नदी. नाशकात दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं, की ते आमच्याकडे पोचायला काही तास लागतात आणि त्या काही तासांवर माझी सगळी विद्या उभी होती. गाव तसं उंचावर. भीती होती ती ओढ्यापलीकडच्या खालच्या वस्तीला. पेठ-सुरगाण्याकडून बागांच्या आणि उसाच्या कामाला आलेली माणसं तिथं झोपड्या घालून राहत. काही परत जात, काही कायमची राहून गेलेली. नदी फुगली की पाणी ओढ्यात उलटं शिरायचं आणि वस्तीचं बेट व्हायचं. दोन वर्षांपूर्वी असंच झालं तेव्हा एक बाळंतीण तिथं दीड दिवस अडकली. बाई वाचली, मूल गेलं.

ते सरपंचताईंच्या मनातून जात नव्हतं. ताई राखीव जागेवर निवडून आल्या तेव्हा गावाला वाटलं होतं, की कारभार नवरा करील. नवरा त्यांची छत्री धरायचा, आणि ती सुद्धा नीट धरली नाही तर बोलणी खायचा. त्या सुमारास तालुक्याला एक रबरी नाव आली, इंजिनासकट. मागणारी गावं दोन. प्रांतसाहेबांनी अट घातली, की जे गाव तालमीत आपली धोक्याची वस्ती तासाभरात रिकामी करून दाखवेल त्याला नाव.

ताई मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमचं काय ते नाटक करा. मला नाव पायजे."

मी छातीवर हात ठेवला. "ताई, नाव तुमच्या ओट्याला बांधून देतो."

माझा हात छातीवर जरा लवकरच जातो. घरीही हीच तक्रार आहे.

आणि मग मी चूक केली. अशा तालमीत कोण मेला, कोण जखमी झाला हे गळ्यातल्या चिठ्ठीवरून कळतं. काळी चिठ्ठी मयत, लाल गंभीर, हिरवी किरकोळ. माझ्या आराखड्यात मयत फक्त तीन होते. आदल्या दुपारी शाळेत सभा घेतली, चिठ्ठ्यांचे गठ्ठे टेबलावर ठेवले, काळ्या जरा जादाच आणल्या होत्या. तेवढ्यात सोसायटीच्या चेअरमनांनी चहाला बोलावलं. मी म्हटलं, "मंडळी, आपसात ठरवा आणि चिठ्ठ्या घ्या." मला वाटलं, तीन मयत गोळा करता करता संध्याकाळ होईल. शुभ-अशुभ बघणारी माणसं, मरायला कोण तयार होणार?

पण जिवंत माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं, हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही? इतर वेळी अशी बातमी कुणीतरी चुकून उठवावी लागते. इथं सरकार स्वतः, कचेरीच्या शिक्क्यानिशी उठवत होतं. मी बशीतला दुसरा घोट घेईपर्यंत काळ्या चिठ्ठ्या संपल्या. मग हिरव्या चिठ्ठ्यांवर बुटाचं पॉलिश फासून लोकांनी त्यांच्या काळ्या केल्या. एक म्हातारी येवल्याला पैठणीच्या मागावर बसणाऱ्या जावयासाठी एक मागून घेऊन गेली. दोन सख्ख्या भावांत आधी कुणी मरायचं यावरून जुंपली, तेव्हा थोरला म्हणाला म्हणे, "मी मोठा, माझा मान." गावच्या वैद्यांनी तर स्वतःला दोन घेतल्या.

हे सगळं मला दुसऱ्या दिवशी दहा वाजता, साहेबांच्या बरोबरच कळलं.

"अव्वल कारकून," साहेब शांतपणे म्हणाले, "तुमच्या पुरात जखमी कुणीच नाही?"

"साहेब, पाणी फार जोरात आलं," मी म्हणालो.

"आणि नेमके धडधाकट पुरुषच गेले?"

"ते पुढं होते साहेब."

साहेबांनी ओढ्याकडे बोट केलं. "आणि खालची वस्ती?"

मी पाहिलं. खालच्या वस्तीत चुली पेटलेल्या होत्या, धूर सरळ वर जात होता. देवळावरच्या कर्ण्यानं इशारा देऊन वीस मिनिटं झाली होती, पण तो कर्णा लग्नालाही वाजायचा आणि निवडणुकीलाही, त्यामुळे तिकडे कुणी मान वर केली नव्हती. सभेलाही तिथलं कुणी नव्हतं, कारण निरोपच गेला नव्हता. एक म्हातारी ओढ्याकाठी कपाळावर हात धरून आमची गंमत बघत उभी होती. ज्यांच्यासाठी हा सगळा पूर आणला होता, त्यांना सोडून अख्खं गाव त्यात वाहून गेलं होतं.

ताईंनी माझ्या हातातून भोंगा घेतला. आवाज मुळीच चढवला नाही.

"जेवढे मेलेत तेवढे उठा. पलीकडं माणसं हायेत, ती आणायची."

ओळ थोडी हलली. चिंचेखालचा म्हणाला, "ताई, उठलो तर वाढलेलं आयुष्य जाईल का?"

"जो उठणार नाय, त्याचं नाव आजच रेशनकार्डावरून कमी करते. मयत म्हणून."

मी आयुष्यात खूप वेगवान गोष्टी पाहिल्या आहेत. देवळालीच्या तोफा पाहिल्या आहेत. पण ते पस्तीसेक मयत ज्या वेगानं उठले तो वेग पुन्हा पाहिला नाही. ओढ्यात पाणी कमरेच्या वर होतं. धडधाकट माणसं उतरली, पण म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना आणायचं कसं? तेव्हा चिंचेखालच्या मयतालाच सुचलं. तो चौघांना घेऊन गुऱ्हाळाकडे पळाला आणि उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी काहील डोक्यावर पालथी घेऊन आला. ती पाण्यात सोडली, चार मयत चार बाजूंनी धरून पोहू लागले. माझ्या आराखड्याच्या अठ्ठावीस पानांत काहिलीचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तो घातला, आणि अशा भाषेत, की ती कल्पना लहानपणापासून माझीच होती असं वाटावं.

मी पण ओढा ओलांडून गेलो. ती म्हातारी हलायला तयार नव्हती.

"खरा पूर आला का?" तिनं विचारलं.

"नाही आजी, खोटा."

"मग मला कशाला नेता?"

"खरा येईल तेव्हा कसं जायचं ते ठाऊक असावं म्हणून."

तिनं थोडा विचार केला. "मागल्या येळी कोनी आला नाय," ती म्हणाली.

काहील धरून उभे असलेले चौघंही खाली पाण्याकडे बघायला लागले. शेवटी तिलाच आमची दया आली असावी. तिनं आत जाऊन एक कोंबडी काखेत घेतली आणि पालखीत बसावं तशी काहिलीत जाऊन बसली.

वस्ती रिकामी व्हायला एक तास अकरा मिनिटं लागली. मी साहेबांना सांगून पाहिलं, की नदीकाठच्या दमट हवेनं घड्याळं पुढं पळतात. साहेब विज्ञान शाखेचे होते.

"नाव दुसऱ्या गावाला जाईल," ते म्हणाले.

ताईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. भिजलेल्या पदराचं पाणी पिळत त्या म्हणाल्या, "न्या नाव. मग मला हे द्या." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "दरवर्षी पावसाच्या आधी ह्यांनी इथं येऊन हा खोटा पूर आणायचा. आणि धरणातून पाणी सुटलं की गावात पहिला फोन माझ्या घरी."

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तसं लिहून दिलं. रबरी नावेच्या बदल्यात मला घेतलं, हा माझा आजवरचा सगळ्यात मोठा सरकारी गौरव. दोघांत हवा भरपूर, एवढंच साम्य.

पुढची पाच वर्षं मी दर जूनमध्ये त्या गावाला पूर आणला. सभा आता गावात नाही, खालच्या वस्तीत व्हायची. चालता न येणारं कोण, पोटुशी कोण, एकटं कोण राहतं, याची यादी तिथल्या बायकाच सांगायच्या आणि ताई लिहून घ्यायच्या. कर्ण्यावर विश्वास नको म्हणून त्या म्हातारीकडे पितळी थाळी आणि मुसळ दिलं. तिच्या थाळीचा आवाज माझ्या आवाजाहून मोठा होता, हे मी इथं पहिल्यांदाच कबूल करतो. काहील गुऱ्हाळातून मे महिन्याच्या अखेरीस निघायची आणि घासून पुसून ओढ्याकाठी उपडी ठेवली जायची. काळ्या चिठ्ठ्या ताईंनी बंद केल्या. मी म्हटलं, नियमाप्रमाणे निदान एक तरी मयत लागतो. ताई म्हणाल्या, "मग तुम्ही मरा." पाच वर्षं मी चिंचेखाली मेलो. ज्यानं पहिल्या वर्षी ती जागा अडवली होती, तो दरवेळी येऊन मला नीट सरळ झोपवायचा आणि म्हणायचा, "भाऊसाहेब, पोट आत घ्या, मेलेलं वाटत नाय." एक तास अकरा मिनिटांची पन्नास मिनिटं झाली, मग चाळीस. पाचव्या वर्षी सव्वीस.

मग खरा आला.

ऑगस्टात नाशकावर पाऊस असा कोसळला, की ढगांना जमिनीवर उतरायची घाई झाली असावी. धरणाचे दरवाजे उघडल्याचं कळताच मी ताईंच्या घरी फोन लावला. "पाणी सुटलं, ताई. मी आजवर आणलं नव्हतं एवढं." पलीकडून "बरं" एवढंच आलं आणि फोन ठेवला गेला. दुपारपर्यंत तारा पडल्या, रस्ता पाण्याखाली गेला आणि पाच वर्षं पूर आणणारा मी निफाडच्या कचेरीत खिडकीशी उभा राहिलो. मेलेला फोन मी तरीही पुन्हा पुन्हा लावत होतो. शिपायानं दोनदा कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी जरा ओसरलं तसा एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरवर बसून गेलो. खालच्या वस्तीच्या जागी फक्त तांबडं पाणी होतं. एकही झोपडी दिसत नव्हती. मी ट्रॅक्टरवरून उडी मारली आणि शाळेकडे धावलो, या शरीराला जमेल तेवढा.

वर्गांतून माणसं बसली होती. मी यादी काढली आणि मोजायला लागलो. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा बरोबर आलं. सगळे. थाळीवाली म्हातारी खिडकीखाली पाय पसरून बसली होती. तिच्या शेजारी नववा महिना भरलेली एक पोरगी भिंतीला टेकून भाकरी खात होती. मी तिच्याकडे बघत राहिलो, तर तिनं लाजून पदर ओढून घेतला.

माझी छाती अशी फुगली, की शर्टाची वरची दोन बटणं तुटून फळ्यावर आपटली. ताई ओट्यावर परात घेऊन पीठ मळत होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि बोलायला सुरुवात केली. ताई, म्हटलं, अख्खी वस्ती गेली आणि एक माणूस गेला नाही. नाव नसताना. अशी गोष्ट या जिल्ह्यात झालेली नाही, राज्यात झालेली नाही, दिल्लीत कळली तर माणसं इथं शिकायला येतील. पाच वर्षं आपण जे केलं ते आज, अगदी आज, ताई, समोर दिसतंय. मी बराच वेळ बोललो. डोळेही पुसले, त्यात नाटक नव्हतं.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. हात परातीतच होते.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पीठ संध्याकाळपर्यंत पुरंल. दोन पोती पाठवा."