स्वर्गवासी देणगीदार

आमच्या भागाच्या आमदाराची बारा वर्षं भरली आणि कायद्याने त्याला घरी बसावं लागलं. अमेरिकेतल्या आमच्या या राज्यात विधिमंडळात बारा वर्षांच्या वर कुणाला बसता येत नाही. हा गृहस्थ पहिल्या निवडणुकीत याच नियमाचं गुणगान करत दारोदार फिरला होता. आमच्याही दारात आला होता. खुर्चीला चिकटून बसणाऱ्यांबद्दल इतक्या पोटतिडकीने बोलला की मी त्याला चहा पाजला. बारा वर्षांनी निरोपसमारंभात तो रडला, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्या बायकोने उमेदवारी जाहीर केली. खुर्ची तीच, फक्त वरची उशी बदलायची होती.

एरवी मी दोन शिव्या घालून गप्प बसले असते. पण माझी मुलगी सहा वर्षं त्याच्या ऑफिसात राबली होती. कुणाचा बेकारभत्ता अडकलाय, कुणाच्या घराचा आगीचा विमा कंपनीने एकाएकी बंद केलाय, अशी सगळी गाऱ्हाणी तिच्या टेबलावर यायची. ती सोडवायची आणि आभार साहेबांचे मानले जायचे. माझ्यानंतर तूच, असं तो तिला चारचौघांत म्हणायचा. बायको उभी राहतेय हे मात्र त्याने तिला सांगितलंसुद्धा नाही. इतरांसारखंच तिलाही ते फोनवर वाचून कळलं. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली, निवांतपणे वरणभात जेवली आणि म्हणाली, "आई, आय अ‍ॅम स्टिल रनिंग." दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला.

तिला हीच जागा लढवायची होती आणि ती आत्ताच रिकामी होती. बाई एकदा बसली की पुढची बारा वर्षं तिला कुणी हलवणार नव्हतं. बसलेल्या आमदाराला पाडणारा अजून आमच्या भागात जन्मलेला नाही. तोवर माझी मुलगी चाळिशी ओलांडून गेली असती. म्हणजे आत्ता, नाहीतर जवळजवळ कधीच नाही. हे तिला कळत होतं आणि मलाही.

निवडणुकीत विचार, धोरणं वगैरे काही असतात असा माझा समज होता. प्रत्यक्षात निवडणूक ही भीक मागायची रीतसर पद्धत आहे. मुलगी रोज दुपारभर कानाला हेडफोन लावून बसायची आणि ओळखीच्या, अर्धवट ओळखीच्या, अजिबात न ओळखणाऱ्या माणसांकडे पैसे मागायची. पैसे कशाला? तर चकचकीत कागदावर आपला फोटो छापून लोकांच्या घरी पाठवायला. लोक तो पत्रपेटीतून काढतात आणि थेट कचऱ्यात टाकतात. बाईंकडे नवऱ्याच्या बारा वर्षांच्या ओळखी होत्या. बिल्डर, विमावाले, दवाखानेवाले, सगळे आधीच रांगेत उभे होते. आमच्याकडे फक्त आपली माणसं होती. मी दाताच्या दवाखान्यात हिशेब बघते, त्यामुळे फुकटात मिळणारी खजिनदार म्हणून मुलीने मलाच नेमलं.

आपली माणसं म्हणजे अध्यक्ष. आमच्या इथल्या मराठी मंडळाचे ते इतकी वर्षं अध्यक्ष आहेत की त्यांच्या आधी कोण होतं हे आता कुणालाच आठवत नाही. सांता क्लाराच्या एका कंपनीतून भरपूर शेअर्स घेऊन लवकर निवृत्त झालेले. अमेरिकेत येऊन त्यांनी काय मिळवलं असेल तर स्वतःच्या हाताने हार घालून घ्यायची सवय. पण त्यांनी शब्द टाकला की तीस-चाळीस घरं हलतात हेही खरं होतं. मुलीला त्यांनी लहानपणी कडेवर घेतलं होतं, आणि ही गोष्ट ते दर भेटीत सांगत.

त्यांच्याच सूचनेवरून आमच्या मागच्या अंगणात निधीसाठी कार्यक्रम ठेवला. नवऱ्याने सकाळपासून साबुदाणा वडे तळले. माणसं आली, वडे संपले, फोटो झाले. मुलगी बोलायला उभी राहिली. घरविम्याबद्दल, शाळांबद्दल, भाड्यांबद्दल ती इतकं नेमकं बोलली की मला आतून भरून आलं. मग प्रश्न सुरू झाले. एकाने विचारलं, ग्रीन कार्डाच्या रांगेचं काय करणार. एकाने विचारलं, पुण्याला थेट विमान सुरू करता येईल का. एक बाई म्हणाल्या, शेजाऱ्याचं झाड आमच्या अंगणात वाकलंय. वीस-वीस वर्षं इथे राहिलेली, मोठमोठ्या पदव्यांची माणसं, आणि राज्याची विधानसभा नेमकं काय करते हे एकालाही ठाऊक नव्हतं. मुलीने प्रत्येकाला हसून उत्तर दिलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आपटली.

अध्यक्षांनी शेवटी सगळ्यांसमोर जाड पाकीट माझ्या हातात दिलं आणि टाळ्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मी ते उघडलं. कायद्याने एका माणसाला किती देता येतं याला मर्यादा आहे. अध्यक्षांनी तेवढ्याचा चेक स्वतःच्या नावाने दिला होता, तो ठीकच होता. पण खाली आणखी चेक होते. सगळे त्यांच्याच खात्यातले, त्यांच्याच सहीचे, आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी टाचलेली: हा सासूबाईंतर्फे, हा नातवातर्फे, हा तीर्थरूपांतर्फे. सासूबाई सोलापूरहून टुरिस्ट व्हिसावर दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. नातू बालवाडीत होता. तीर्थरूपांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या श्राद्धाचं जेवण मी स्वतः जेवले होते. देणगीदाराचा व्यवसाय लिहावा लागतो, तिथे त्यांच्यापुढे 'निवृत्त' असं लिहिलं होतं.

मी हसले, आणि मग सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा एकेक करून वाचल्या. यात लबाडी किती आणि भाबडेपणा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. आपल्याकडे देवळात पावती फाडताना आपण एक आपल्या नावाची फाडतो, एक आईवडिलांच्या, एक नातवंडाच्या. अभिषेक एकाचा, पुण्य सगळ्यांना. अध्यक्षांनी उमेदवारालाही तोच हिशेब लावला होता. सगळ्यात मोठा देणगीदार म्हणून फोटो छापून यावा ही इच्छा अर्थातच होती. पण इथला कायदा याला दुसऱ्याच्या नावावर पैसे लपवणं म्हणतो, आणि परदेशी पाहुण्यांना तर एक डॉलरही द्यायची मुभा नाही. ते चेक वटवले असते तर मुलीची उमेदवारी वर्तमानपत्रात वेगळ्याच कारणाने गाजली असती.

मी मुलीला फोन केला. अध्यक्षांना फोनवरच सांगून टाकू का, असं विचारलं. ती म्हणाली, नको, तोंडावर जाऊन परत द्यायला हवेत, ते मोठे आहेत.

आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. मुलीने आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत फार अदबीने समजावलं की काका, तुमचा स्वतःचा चेक मी आनंदाने घेतेय, हे बाकीचे घेता येत नाहीत. त्यांना कळेचना. पैसे तर माझेच आहेत ना, मग अडचण काय, असं ते तीनतीनदा म्हणाले. अडचण नेमकी तीच आहे, असं मी सांगितलं. मग त्यांचा चेहरा बदलला. दिलेला आहेर परत करायची आपल्यात रीत नाही, वडिलांचं नाव मी मुद्दाम घातलं होतं, पोरीने त्यांचाही मान ठेवला नाही, असं बरंच काही ते माझ्याकडे बघून बोलले, जणू मुलगी तिथे नव्हतीच. काकूंनी चहा आणला होता, तो तसाच राहिला. निघताना त्यांनी आपला स्वतःचा चेकही परत मागून घेतला.

पुढच्या पंधरवड्यात तीस-चाळीस घरांपैकी बहुतेकांचे फोन लागेनासे झाले. कुणी नाही म्हणत नव्हतं. मुलीला प्रत्येकजण जेवायला बोलवत होता. मग एका सकाळी बाईंच्या कार्यक्रमाचा फोटो आला. त्यात पहिल्या रांगेत आमचे अध्यक्ष, सिल्कच्या कुर्त्यात, हात जोडून. ज्या बाईच्या नवऱ्याला ते आमच्या अंगणात मगरीचे अश्रू ढाळणारा म्हणाले होते, तिच्या खांद्याला खांदा लावून. मला राग आला नाही. राग यायला समोरच्याकडून काहीतरी अपेक्षा असावी लागते.

मुलीकडे शेवटच्या दोन आठवड्यांत पत्रकं पाठवायलाही पैसे उरले नाहीत. बाईंचा चकचकीत चेहरा रोज लोकांच्या पत्रपेटीत जात होता, आणि माझी मुलगी मे महिन्याच्या उन्हात एकेक घराची बेल वाजवत होती. तिच्या बुटांचा तळ फाटला, तर तिने तो डिंकाने चिकटवला. मी नवे घेऊन देते म्हटलं, तर म्हणाली, इलेक्शननंतर.

जूनच्या प्राथमिक फेरीतले पहिले दोघंच नोव्हेंबरच्या अंतिम लढतीत जातात. ती तिसरी आली. मोजणी आठवडाभर रखडली, रोज आकडे थोडे थोडे हलत होते, आम्ही जेवताना फोन ताटाशेजारी ठेवून बसायचो. शेवटी जितक्या मतांनी ती मागे पडली, त्याहून जास्त माणसं आमच्या मंडळाच्या कोजागिरीला दूध प्यायला येतात. मुलीने हरल्याचं निवेदन स्वतः लिहिलं, सगळ्यांचे आभार मानले आणि तीन दिवस झोपून काढले.

जुलैत अध्यक्षांचा फोन आला. झालं गेलं विसरा, वहिनी, पोरगी घरचीच आहे, आमरस केलाय, या सगळे. मला जायचं नव्हतं. मुलगीच म्हणाली, जाऊ या.

आमरस डब्यातला होता. टेबलाभोवती तीच नेहमीची घरं होती आणि सगळ्यांना एकदम सहानुभूतीचा पूर आला होता. इतकी चांगली उमेदवार, पण लोकांना किंमत नाही. अमेरिकन माणूस शेवटी आपल्याला मत देत नाहीच. अध्यक्ष तर म्हणाले की यांच्या रक्तातच वंशवाद आहे. मुलगी शांतपणे पुरी खात होती. मग तिने सहज, काहीतरी वाढायला मागावं तशा आवाजात विचारलं, "काका, तुम्ही व्होट केलं होतं?"

मला वाटलं, बाईंना दिलं असेल, आता लटपटतील. पण अध्यक्ष मुळीच लटपटले नाहीत.

"अगं, ते राहिलंच," ते म्हणाले. "घरी आलेली मतपत्रिका भरायलाच घेतली होती. पण म्हटलं, थोडं थांबू, कोण येतंय त्याचा अंदाज घेऊ. उगाच मत वाया जायला नको. आणि तेवढ्यात तारीख निघून गेली."

टेबलावर कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. समोरचे एक काका म्हणाले, आमचंही तसंच झालं. त्यांच्या शेजारचे म्हणाले, आम्ही नोव्हेंबरला देतो, खरी निवडणूक तेव्हाच असते ना. एक बाई म्हणाल्या, यांनी भरली असेल असं मला वाटलं आणि मी भरली असेल असं यांना. सगळे हसले. काकूंनी पातेलं पुढे केलं.

मुलीने हातातली पुरी ताटात ठेवली. तिचा चेहरा मी तिच्या जन्मापासून बघतेय, पण असा कधी पाहिला नव्हता. ती चिडली नव्हती. सहा वर्षं ज्या माणसांची गाऱ्हाणी ती ऐकत आली, त्यांच्यातलाच एक समोर येऊन बसावा आणि त्याचं आपल्याला काहीच करता येणार नाही हे कळावं, तशी ती अध्यक्षांकडे बघत होती.

"काका," ती म्हणाली, "माझ्यासाठी तुम्ही लॉ ब्रेक करायला रेडी होता. आजोबांना वरून परत आणून त्यांच्या नावाने चेक दिलात. आणि एक सही करून पाकीट पेटीत टाकायचं, स्टँपसुद्धा लागत नाही, तेवढं नाही जमलं?"

अध्यक्ष म्हणाले, एका मताने काय होतंय, बाळा. आणि तिच्या वाटीत आणखी आमरस वाढला. टेबलाभोवतीची न दिलेली मतं मी मनातल्या मनात मोजायला लागले. मग कोजागिरीच्या रांगेतली घरं आठवून तीही मोजायला लागले, आणि मुलगी ज्या आकड्याने हरली होती तिथे पोचल्यावर मोजणं थांबवलं.